हुलगा, भुईमूग आणि रक्तपेशी : न्यूमोनियानंतरच्या एका दुर्मीळ व्याधीचा इतिहास

जालना जिल्ह्याच्या कोरडवाहू शेतीत हुलगा आणि भुईमूग ही दोन पिके आज कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या मागे पडली असली, तरी तिथल्या स्वयंपाकघरात त्यांचे स्थान अजून टिकून आहे. हलक्या, मुरमाड रानात आणि कमी पावसात तग धरणाऱ्या हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे हिवाळ्यात आवडीने केले जातात, सर्दी-खोकल्याने बेजार झालेल्या माणसाला हुलग्याचे गरम माडगे पाजले जाते, आणि शेंगदाण्याच्या कुटाविना मराठवाड्यातील कित्येक भाज्यांना चव येत नाही. या बियांचा एक उपयोग मात्र शेतकऱ्याच्या किंवा मोंढ्यातील व्यापाऱ्याच्या हिशेबात कधी आला नाही. न्यूमोनिया, म्हणजे जंतुसंसर्गाने होणारा फुफ्फुसाचा दाह, झाल्यानंतर एखाद्या लहान मुलाच्या रक्तातील तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात, तेव्हा त्यामागचे एक दुर्मीळ कारण ओळखण्याची प्रयोगशाळेतील कसोटी कच्च्या शेंगदाण्याच्या अर्काने घेतली जाते, आणि तिचा पडताळा घेण्यासाठी सोयाबीन व हुलगा यांचे अर्क वापरले जातात. या कसोटीच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा पुण्यात घडला. कसोटी स्वस्त आहे, साधी आहे आणि साठ वर्षे जुनी आहे. परंतु ती घ्यावी लागेल अशी शंका येण्याची जी वाट पूर्वीच्या रक्तपेढ्यांत आपोआप उघडी होती, ती पुढच्या काळातील प्रगतीनेच बंद केली.

प्रथम व्याधीचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे. न्यूमोनियाला कारणीभूत होणाऱ्या जंतूंपैकी न्यूमोकॉकस हा सर्वांत परिचित असून १८८१ मध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर आणि अमेरिकेत जॉर्ज स्टर्नबर्ग यांनी तो एकमेकांपासून स्वतंत्रपणे वेगळा केला. या जंतूमुळे होणाऱ्या न्यूमोनियातून बहुतेक रुग्ण योग्य औषधाने बरे होतात. काहींच्या फुफ्फुसाभोवती पू साचतो, काहींच्या रक्तात जंतू शिरतात. अशा गंभीर रुग्णांपैकी फारच थोड्यांत, प्रामुख्याने दोन वर्षांच्या आतील बालकांत, आजार सुरू होऊन आठवडाभर उलटण्याच्या सुमारास एक वेगळेच चित्र दिसू लागते : तांबड्या पेशी फुटल्याने मूल पांढरेफटक पडते, रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म पेशी झपाट्याने घटतात आणि मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्या तुंबल्याने लघवी कमी होते किंवा थांबते. या तीन गोष्टी एकत्र येण्याला वैद्यकात हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम, संक्षेपाने एचयूएस, म्हणतात. स्विस बालरोगतज्ज्ञ गासेर यांनी १९५५ मध्ये पाच मुलांच्या वर्णनातून हे नाव रूढ केले. पुढे असे दिसून आले की एचयूएसचे बहुसंख्य रुग्ण हे आतड्यातील विशिष्ट जंतूंमुळे, रक्ताची हगवण लागल्यानंतर होतात. न्यूमोकॉकसनंतर होणारा प्रकार त्याहून पुष्कळ विरळ आहे. न्यूमोकॉकसच्या गंभीर संसर्गांत त्याचे प्रमाण हजारी चार ते सहा इतके असल्याचा अंदाज वैद्यकीय वाङ्मयात वारंवार दिला जातो. प्रमाण लहान असले तरी त्यात दगावणाऱ्या किंवा मूत्रपिंडे कायमची गमावणाऱ्या मुलांचा वाटा नेहमीच्या एचयूएसपेक्षा मोठा असतो, आणि उपचारात एक धोका असा आहे की जो केवळ कारण माहीत असेल तरच टाळता येतो.

हे कारण कसे उलगडले ते समजण्यासाठी बिया आणि रक्त यांच्या संबंधाकडे वळावे लागते. १८८८ मध्ये डोर्पाट, म्हणजे आजच्या एस्टोनियातील तार्तू, येथील विद्यापीठात पेटर हर्मान श्टिलमार्क यांनी एरंडाच्या बियांतील विषारी प्रथिन रक्तात मिसळून पाहिले, तेव्हा तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे पुंजके झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत गुंजेच्या बियांतही तसेच द्रव्य सापडले. एरंड मराठवाड्यात बांधाबांधावर उगवतो आणि गुंज तर सराफाच्या तराजूत पिढ्यान्‌पिढ्या वजन म्हणून वापरली गेली. या दोन परिचित बियांतील विषांवर उंदरांत प्रयोग करून पाउल एर्लिख यांनी १८९१ मध्ये रोगप्रतिकारशक्तीच्या शास्त्राची काही मूलतत्त्वे मांडली, हे येथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्तगट शोधल्यानंतर मात्र बियांकडील लक्ष काही काळ कमी झाले, कारण रक्तगट ओळखण्यासाठी माणसाच्याच रक्तजलातील प्रतिपिंडे, म्हणजे परक्या द्रव्यास चिकटणारी संरक्षक प्रथिने, हाताशी होती. १९४० च्या दशकाच्या अखेरीस फिनलंडमध्ये रेंकोनेन यांना आणि अमेरिकेत विल्यम बॉइड यांना असे आढळले की काही शेंगवर्गीय बियांचे अर्क सर्वच पेशींचे पुंजके करीत नाहीत, तर विशिष्ट रक्तगटाच्याच पेशींचे करतात. बियांतील अशा प्रथिनांना पुढे लेक्टिन हे नाव मिळाले. पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या ज्या छोट्या साखळ्या असतात, त्यांतील ठरावीक साखरेला प्रत्येक लेक्टिन नेमके धरते, आणि त्यामुळे प्रतिपिंडासारखेच काम करते.

याच सुमारास पुण्यातील आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजमध्ये, जे १९४८ मध्ये स्थापन झाले होते, जॉर्ज विल्यम ग्रेगरी बर्ड हे लष्करी डॉक्टर रक्तसंक्रमणाच्या क्षेत्रात काम करीत होते. भारतीय बाजारात सहज मिळणाऱ्या कडधान्यांचे अर्क त्यांनी तपासले आणि १९५१ मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात कुळथाच्या, म्हणजेच मराठवाड्यातील हुलग्याच्या, बियांत रक्तपेशींवर विशिष्ट क्रिया करणारे द्रव्य असल्याचे छोटे टिपण प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी ‘नेचर’मध्ये त्यांनी ती क्रिया ए गटाच्या उपगटांशी कशी निगडित आहे ते दाखवले : योग्य प्रमाणात पातळ केलेला हुलग्याचा अर्क ए१ उपगटाच्या पेशींचे पुंजके करतो, ए२ च्या पेशींना मात्र तसाच सोडतो. तोपर्यंत हा भेद करण्यासाठी मानवी रक्तजलावर बरीच खटपट करून बनवलेले आणि मोजक्याच ठिकाणी मिळणारे अभिकर्मक लागत असत. बर्ड यांच्या शोधानंतर मूठभर धान्य, मिठाचे पाणी आणि गाळणी एवढ्यावर ते काम होऊ लागले. हुलग्याचे वनस्पतिशास्त्रीय नाव पुढे बदलले, तरी जगभरच्या रक्तपेढ्यांतील त्या बाटलीवर ‘डोलिकॉस बायफ्लोरस’ हे जुने नाव अजून छापले जाते. पुण्याच्या विज्ञानेतिहासात या कामाला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असे म्हणणे भाग आहे. मुंबईत १९५२ मध्ये भेंडे, देशपांडे, भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेला ‘बॉम्बे’ रक्तगट मराठी वाचकाला निदान नावाने ठाऊक असतो; त्याच्या एक वर्ष आधी पुण्यात झालेला आणि ज्याचा वापर आजही जगभर होतो असा हा शोध मात्र अपरिचित राहिला.

रक्तपेढीच्या कामातील एका त्रासदायक कोड्याने या कथेचा दुसरा धागा १९२० च्या दशकात युरोपात सुरू केला होता. ठेवून दिलेल्या काही रक्तनमुन्यांतील पेशी अचानक कोणाच्याही रक्तजलात, अगदी ज्यात ए किंवा बी यांविरुद्ध प्रतिपिंडे नसतात अशा एबी गटाच्या रक्तजलातही, पुंजके करू लागत आणि गट ठरवणे अशक्य होई. जर्मनीत ह्यूबेनर यांनी १९२५ च्या सुमारास ही घटना नोंदवली. १९२७ मध्ये कोपनहेगनच्या ओलुफ थॉमसेन यांनी दाखवून दिले की नमुन्यात शिरलेले जंतू त्यास कारणीभूत आहेत आणि जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही निरोगी पेशींत तोच बदल घडवता येतो. आणि त्यांचे सहकारी फ्रीडेनराइख यांनी १९३० मध्ये या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते जंतूंचे एखादे विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, पेशीच्या पृष्ठभागावर आधीपासूनच असलेला पण झाकलेला एक प्रतिजन उघडा पाडते. प्रतिजन म्हणजे ज्याला प्रतिपिंड चिकटते तो रेणूचा भाग. या झाकलेल्या प्रतिजनाला टी प्रतिजन म्हणतात, आणि तो उघडा पडण्याला टी-सक्रियण.

झाकण कशाचे आणि ते काढणारे विकर कोणते, याचे उत्तर मिळण्यास आणखी पंचवीस-तीस वर्षे लागली, आणि ते उत्तर रक्तपेढीतून आले नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू तांबड्या पेशींना चिकटतो आणि काही वेळाने आपणहून सुटतो, असे अमेरिकेतील जॉर्ज हर्स्ट यांनी १९४० च्या दशकाच्या आरंभी पाहिले. ऑस्ट्रेलियातील मॅकफार्लेन बर्नेट आणि सहकाऱ्यांना त्याच दशकात कॉलऱ्याच्या जंतूतही पेशीवरील चिकटण्याची जागा नष्ट करणारे विकर सापडले. आणि आल्फ्रेड गॉटशाल्क यांच्या रासायनिक कामातून १९५० च्या दशकात त्याचे न्यूरॅमिनिडेज हे नाव व कार्य निश्चित झाले. पेशीच्या पृष्ठभागावरील साखळ्यांच्या टोकाशी सायलिक आम्ल नावाची एक साखर असते, आणि दाण्यावरच्या फोलपटासारखी ती आतल्या साखरांना झाकून ठेवते. न्यूरॅमिनिडेज ते टोक तोडते आणि खालचा टी प्रतिजन उघडा पडतो. न्यूमोकॉकसही हे विकर मुबलक बनवतो, कारण श्वसनमार्गाच्या अस्तरावरील सायलिक आम्ल तोडल्याने त्याला तेथे चिकटून राहणे सोपे जाते आणि तुटलेली साखर अन्न म्हणूनही वापरता येते. संसर्ग फुफ्फुसापुरता आणि माफक असेल तेव्हा या विकराचा रक्ताला उपद्रव होत नाही. संसर्ग उग्र होऊन ते रक्तप्रवाहात मोठ्या प्रमाणात उतरले, तर तांबड्या पेशी, प्लेटलेट आणि मूत्रपिंडातील रक्तवाहिन्यांचे अस्तर, ही तिन्ही ठिकाणे एकदम उघडी पडतात.

उघड्या पडलेल्या टी प्रतिजनाला ओळखायचे कसे, याचे सर्वांत सोयीचे उत्तर पुन्हा बर्ड यांनीच दिले. १९६४ मध्ये ‘व्हॉक्स सँग्विनिस’ या रक्तसंक्रमणाच्या नियतकालिकात त्यांनी भुईमुगाच्या दाण्यात टी प्रतिजनाला धरणारे लेक्टिन असल्याचे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी जालन्यात बद्रिनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली आणि पुढे हे शहर देशातील बियाणे उद्योगाचे एक केंद्र बनले. दोन घटनांचा परस्परसंबंध काही नाही. परंतु बियाण्याच्या गावाने आपल्या इतिहासाशेजारी बियांच्या या दुसऱ्या इतिहासाचीही नोंद ठेवावी, इतका तो मोलाचा आहे. कसोटीची कृती कोणत्याही रक्तपेढीच्या आवाक्यातली आहे. न भाजलेले शेंगदाणे वाटून त्यांतील तेल द्रावकाने काढून टाकले जाते, उरलेला कूट मिठाच्या पाण्यात भिजवून गाळला जातो आणि निवळ द्रव योग्य प्रमाणात पातळ करून थोडाथोडा गोठवून ठेवला जातो. रुग्णाच्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्याने धुऊन त्यांत या द्रवाचे दोन थेंब टाकले की निरोगी पेशी जशाच्या तशा राहतात आणि टी-सक्रिय पेशींचे काही मिनिटांत पुंजके होतात. अर्क बिघडलेला नाही याची खात्री करण्यासाठी मुद्दाम विकर लावलेल्या पेशी आणि निरोगी पेशी या दोन्ही शेजारी तपासाव्या लागतात.

टी सारखेच आणखी काही लपलेले प्रतिजन वेगवेगळ्या कारणांनी उघडे पडू शकतात, आणि त्यांतील टीएन या प्रकाराचा संसर्गाशी संबंध नसून रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशींतील कायम दोषाशी आहे. हे भेद करण्यासाठी बर्ड यांनी नंतर बर्मिंगहॅम येथे, तेथील रक्तसंक्रमण सेवेचे प्रमुख असताना, अनेक बियांच्या अर्कांचा संच विकसित केला. टी-सक्रिय पेशींशी भुईमूग आणि सोयाबीन या दोहोंचे अर्क प्रतिक्रिया देतात, हुलगा देत नाही. टीएन पेशींशी हुलगा आणि सोयाबीन देतात, भुईमूग देत नाही. रुग्ण ए गटाचा असेल तर हुलग्याच्या निकालाचा अर्थ लावताना सावध राहावे लागते, कारण तो ए१ पेशींना मुळातच धरतो. परदेशी वनस्पतींचे अर्क या संचात पुढे आणखी मिळवले गेले, पण मुख्य भेद करणाऱ्या या तीन बिया जालन्याच्या मोंढ्यात पोत्याने मिळतात.

वैद्यकीय बाजूने पाहता, न्यूमोनिया, पेशींचे विघटन आणि न्यूरॅमिनिडेज यांची साखळी १९७१ मध्ये जर्मनीतील फिशर आणि सहकाऱ्यांनी जुळवली, आणि १९७७ मध्ये ‘लॅन्सेट’मधील एका निबंधाने एचयूएस व टी प्रतिजन यांची सांगड पक्की केली. या मांडणीतून उपचाराचा एक अत्यंत महत्त्वाचा निष्कर्ष निघाला. आतड्यातील जंतूंच्या सततच्या सान्निध्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रौढ माणसाच्या रक्तद्रवात टी प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे असतात; नवजात अर्भकाच्या रक्तात ती नसतात, आणि म्हणूनच नाळेतील रक्ताचे रक्तजल या कसोट्यांत तुलनेसाठी वापरले जाते. ज्या मुलाच्या पेशी उघड्या पडल्या आहेत त्याला दात्याचा रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, दिला तर आधीच घायाळ झालेल्या पेशींवर ही प्रतिपिंडे बाहेरून आणून सोडल्यासारखे होते. एचयूएससारख्याच दिसणाऱ्या इतर काही आजारांत मात्र प्लाझ्मा हाच जीवदायी उपचार असतो, त्यामुळे लक्षणे सारखी म्हणून उपचार सारखा, हा तर्क येथे घातक ठरू शकतो. या स्थितीत रक्त द्यावे लागले तर तांबड्या पेशी मिठाच्या पाण्याने धुऊन, शक्य तेवढा प्लाझ्मा काढून देण्याचा सल्ला तेव्हापासून दिला जात आहे. हा सिद्धांत निर्विवाद राहिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. टी प्रतिजन उघडा पडूनही काही मुलांत एचयूएस होत नाही, टी-विरोधी प्रतिपिंडे मुख्यतः थंड तापमानात अधिक क्रियाशील असतात, आणि सायलिक आम्ल गेल्याने शरीराच्या स्वतःच्या पूरक प्रथिनप्रणालीवरचा लगाम सुटतो हे कारण अधिक प्रबळ असावे, असे अलीकडचे अनेक अभ्यासक मानतात. तरीही मूळ निदान आणि सावधगिरी यांची गरज या वादाने कमी होत नाही, कारण दोन्ही मतांनुसार घटनाक्रमाची सुरुवात सायलिक आम्ल तुटण्यापासूनच होते.

१९७० च्या दशकापर्यंत रक्तपेढीतील तंत्रज्ञ रक्तगट ठरवण्यासाठी मानवी रक्तजलापासून बनवलेले अभिकर्मक वापरीत, आणि त्यांत ए व बी विरुद्धच्या प्रतिपिंडांबरोबर टी-विरोधी प्रतिपिंडेही नकळत आलेली असत. टी-सक्रिय मुलाचे रक्त तपासायला आले की ते सर्वच बाटल्यांशी पुंजके करी, पेशींवरून एबी वाटणारा गट रक्तजलाच्या तपासणीशी जुळत नसे, आणि गोंधळलेला तंत्रज्ञ वरिष्ठांना विचारी. या गोंधळातच निदानाची सुरुवात होती. १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच वंशाच्या पेशींपासून एकजिनसी प्रतिपिंडे बनवण्याची पद्धत शोधल्यानंतर पुढच्या दशकात रक्तपेढ्यांनी अशी शुद्ध, नेमकी आणि स्वस्त अभिकर्मके स्वीकारली. त्यांच्यामुळे रक्तगटाच्या चुका कमी झाल्या, हा लाभ मोठा आहे आणि तो कोणीही नाकारणार नाही. परंतु त्यांत टी-विरोधी प्रतिपिंडे नसल्याने टी-सक्रिय पेशींचा गट आता निर्वेध लागतो. रुग्णाचे रक्तजल आणि दात्याच्या पेशी यांची क्रॉसमॅचही जुळते. आणि कोणाच्याही मनात शंका न येता रक्त किंवा प्लाझ्मा वॉर्डात पोहोचतो. पूर्वी जी व्याधी प्रयोगशाळेत अपघाताने सापडत असे, ती आता कोणी मुद्दाम शोधली तरच सापडते, आणि ती शोधण्याची सूचना आता तंत्रज्ञाऐवजी खाटेशेजारच्या डॉक्टरकडून यावी लागते. या व्याधीचे विरळपण काही अंशी खरे असले, तरी काही अंशी ते न शोधल्याचे विरळपण आहे, असे मानण्यास त्यामुळे जागा उरते.

जंतुजन्य न्यूमोनियानंतर रक्ताला होणारी दुसरी एक दुर्मीळ इजा थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिची उकल वेगळी असली तरी ती याच प्रकरणाची शेजारीण आहे. १९१८ मध्ये अमेरिकेतील क्लाफ आणि रिक्टर यांनी न्यूमोनियाच्या एका रुग्णाच्या रक्तात थंडीत पेशींचे पुंजके करणारे द्रव्य वर्णन केले; १९४३ मध्ये पीटरसन, हॅम आणि फिनलंड यांनी नेहमीपेक्षा वेगळ्या, सौम्य पण रेंगाळणाऱ्या न्यूमोनियाशी त्याचा संबंध जोडला; आणि १९६२ मध्ये त्या न्यूमोनियाचा जंतू मायकोप्लाझ्मा हा प्रयोगशाळेत कृत्रिम माध्यमावर वाढवण्यात यश आले. या संसर्गात शरीर स्वतःच्याच तांबड्या पेशींवरील आय नावाच्या प्रतिजनाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते, जी ३७ अंशांच्या खाली, म्हणजे बोटे, कान आणि नाक यांतून वाहणाऱ्या थंड रक्तात चिकटतात. बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. क्वचित कोणाच्या पेशी दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मोठ्या प्रमाणात फुटतात. ही प्रतिपिंडे ओळखणे सोपे आहे : रक्ताची नळी बर्फात धरली की कडेला कण दिसतात, तळहातात धरून गरम केली की ते विरघळतात. मराठवाड्यातील डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे काढलेला नमुना यंत्रात थंडच गेला तर तांबड्या पेशींची संख्या अशक्य वाटावी इतकी कमी येते, आणि नमुना कोमट करून पुन्हा मोजणे एवढाच त्यावर उपाय असतो. अशा रुग्णाला ऊब देणे आणि रक्त द्यावे लागल्यास ते कोमट करून देणे हा उपचाराचाच भाग आहे.

जालना परिसरात अशा निदानाची सोय कशी आणि किती उशिरा जवळ आली, हे जिल्ह्याच्या राजकीय इतिहासाशी बांधलेले आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद राज्यात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला आणि त्याच वर्षी औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ज्याच्या रुग्णालयाला मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तरी अंबड, परतूर, मंठा किंवा भोकरदन येथील गंभीर बालरुग्णाला घाटीचाच रस्ता धरावा लागे. त्याच्या अगोदरची स्थिती आणखी बिकट होती. लहान मुलाचा श्वास चढून पोट खाली-वर उडू लागले की त्याला डबा झाला असे महाराष्ट्राच्या अनेक भागांत म्हटले जाई, आणि पोटावर बिब्ब्याने किंवा तापल्या लोखंडाने डाग देण्याची रीत होती. ज्या काळात न्यूमोनियाच ओळखला जात नव्हता, त्या काळात त्यानंतर आठवड्याने लघवी बंद होऊन दगावलेल्या मुलाचा मृत्यू वेगळा म्हणून कोणाच्या नोंदीत येणे शक्यच नव्हते.

न्यूमोनियावरच आघात करणे हा अर्थातच खरा प्रतिबंध आहे, आणि त्यातही महाराष्ट्राचा वाटा ठळक आहे. पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने पेनिसिलिन देशात बनवायला सुरुवात केली. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात गावातील आरोग्यदूत आणि दाया यांना न्यूमोनिया ओळखून तोंडाने घ्यायचे औषध द्यायला शिकवले, आणि त्याने बालमृत्यू घटतात हे दाखवणारा त्यांचा निबंध १९९० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने न्यूमोकॉकसच्या दहा प्रकारांविरुद्धची स्वदेशी लस आणली आणि २०२१ मध्ये न्यूमोकॉकसविरोधी लस राज्याच्या नियमित लसीकरणात समाविष्ट झाली. बाळाला ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात टोचली जाते. सीरमच्या लसीतील दहा प्रकारांत १९ए हा प्रकार आहे, आणि अनेक देशांतील नोंदींत न्यूमोकॉकसनंतरच्या एचयूएसशी हाच प्रकार वारंवार जोडलेला आढळला आहे. लसीत नसलेले प्रकार मात्र शिल्लक आहेत, त्यामुळे ही व्याधी कमी झाली तरी संपणार नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जालन्याला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळाले. अशा महाविद्यालयाच्या आणि जिल्ह्यातील रक्तपेढ्यांच्या शीतकपाटात शेंगदाणा, सोयाबीन आणि हुलगा यांचे तपासून गोठवलेले अर्क असावेत, तांबड्या पेशी धुऊन देण्याची सोय असावी, आणि जेथे ती नसेल तेथे नमुना पुढे पाठवण्याचा मार्ग आधीच ठरलेला असावा. त्यासाठी लागणारा खर्च किरकोळ आहे. न्यूमोनियाच्या दुसऱ्या आठवड्यात ज्या बालकाचे हिमोग्लोबिन, प्लेटलेट आणि लघवी ही तिन्ही एकदम उतरतात, त्याला प्लाझ्मा देण्यापूर्वी त्याच्या पेशींवर शेंगदाण्याच्या अर्काचे दोन थेंब टाकून पाहावेत, आणि ही सूचना रक्तपेढीला वॉर्डातील डॉक्टरनेच लेखी द्यावी.